पोस्टफिक्स सोर्सपासून बांधताना: मागाल तेवढेच मिळते

जुन्या मेल सर्व्हरवर सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) होते. त्याची मुदत ३० जून २०२४ ला संपली, आणि त्यातले पोस्टफिक्स (पत्रांची ने-आण करणारा प्रोग्राम) २.१०.१ तर त्याच्याही आधीचे. डिसेंबर २०२३ मध्ये 'एसएमटीपी स्मगलिंग'चा (एका पत्रात लपवून दुसरे बनावट पत्र घुसवण्याचा) दोष उघड झाला, तेव्हा मूळ प्रकल्पाने दुरुस्ती दिली ती ३.५ आणि त्यापुढच्या शाखांना. २.१० त्या यादीत नव्हतेच. नव्या मशीनवर पोस्टफिक्स ३.१० सोर्सपासून (मूळ कोडवरून) कंपाइल करून बसवायचे असे ठरले. सगळा प्रकार अकरा दिवस चालला. त्यात कंपायलर प्रत्यक्ष चालला तो तीनचार खेपा मिळून वीसएक मिनिटे. बाकीचे दिवस कुठे गेले ते क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. डेबियन १२ या लिनक्समध्ये ३.७ चे तयार पॅकेज आहे आणि बहुतेकांना ते पुरते. पोस्टफिक्सच्या शेवटच्या ४ स्थिर शाखांनाच मूळ प्रकल्पाकडून दुरुस्त्या मिळतात आणि ३.१० आल्यावर ३.७ ही त्यांतली सर्वांत जुनी. आम्हाला थोडी लांबची सोय हवी होती, म्हणून हा खटाटोप. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

पहिला दिवस वाया गेला. मशीन न बदलता जुन्यावरच नवे पोस्टफिक्स बांधता येईल का ते पाहिले. येत नाही, निदान सरळ येत नाही. पोस्टफिक्स ३.६ पासून ओपनएसएसएल (जोडणी गुप्त ठेवणारे वाचनालय, म्हणजे तयार कोडचा संच) १.१.१ किंवा पुढचे लागते, सेंटओएस ७ मध्ये १.०.२ आहे. कंपायलर टीएलएसच्या (जोडणी कूटबद्ध करण्याच्या सोयीच्या) पहिल्याच हेडरपाशी थांबतो आणि कारण स्वच्छ शब्दांत सांगतो. ईपेल या जादा पॅकेजांच्या साठ्यातून १.१.१ आणून पुढे जाता येते, पण ज्या प्रणालीला दुरुस्त्याच येत नाहीत तिच्यावर नवा मेल सर्व्हर बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणे.

दुसऱ्या दिवशी व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला: १ कोअर, १ जीबी रॅम, महिना ५५० रुपये, डेबियन १२. काहीही डाउनलोड करण्याआधी होस्टिंग कंपनीकडे दोन अर्ज टाकले. एक उलट डीएनएसचा, म्हणजे आयपी पत्त्यावरून आपल्या सर्व्हरचे नाव निघावे यासाठी, आणि दुसरा बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट (सर्व्हर एकमेकांना पत्रे देतात तो) उघडण्याचा. नवीन खात्यांना हा पोर्ट बहुतेक ठिकाणी बंदच असतो. हे अर्ज पहिल्याच तासात टाका, कारण कंपाइल मिनिटांत होते आणि अर्ज दिवसांत. उलट डीएनएस मागण्याआधी सर्व्हरच्या नावाची ए नोंद (नावावरून आयपी पत्ता सांगणारी) करून ठेवा, नाहीतर अर्ज त्याच कारणाने परत येतो. पोर्टच्या अर्जावर त्यांनी विचारले: रोज किती मेल जाणार, कोणाला जाणार, परत आलेल्या मेलचे काय करता, लोकांनी मेल मागितला आहे याचा पुरावा काय. 'पंधरा मेलपेट्या, दिवसाला दीडदोनशे पत्रे, जाहिराती नाहीत' असे आकडे देऊन उत्तर लिहिले. 'थोडेसेच मेल असतील' असे मोघम लिहिले की आणखी एक फेरी वाढते.

अर्ज अडकलेले असताना सोर्स उतरवला. तारबॉल (सोर्सची दाबलेली फाइल) ५ एमबीच्या आसपास आहे. सोबत सहीची वेगळी फाइल असते, ती जीपीजी या सही तपासणाऱ्या साधनाने तपासली. मिरर कोणाचाही असू शकतो, त्यामुळे ही दोन मिनिटे वाचवू नयेत.

मग हेडर फाइलींची (वाचनालयांची ओळख कंपायलरला देणाऱ्या फाइलींची) पॅकेजे: बिल्ड-इसेन्शियल, लिबएसएसएल-डेव्ह, लिबडीबी-डेव्ह, लिबएलएमडीबी-डेव्ह. लिबडीबी नसेल तर पोस्टफिक्सची तयारीच थांबते आणि 'डीबी डॉट एच' सापडत नाही असे सांगते. लिबडीबी म्हणजे बर्कली डीबी, पोस्टफिक्सचे तक्ते (पत्त्यांच्या याद्या) ठेवणारे वाचनालय. त्याचा परवाना २०१३ मध्ये ६.० पासून बदलला, म्हणून डेबियन अजून ५.३ वरच आहे. त्या गोठलेल्या वाचनालयावर नवे तक्ते कशाला ठेवायचे, म्हणून एलएमडीबी हे तसेच दुसरे वाचनालय जोडीला घेतले.

पोस्टफिक्समध्ये नेहमीचे 'कॉन्फिगर' नाही. त्याऐवजी 'मेक मेकफाइल्स' चालवायचे आणि त्याला हवे ते चलांतून (व्हेरिएबल्समधून) सांगायचे. कंपायलरसाठीचे पर्याय सीसीआर्ग्जमध्ये, लिंकरसाठीचे ऑक्सलिब्जमध्ये. टीएलएससाठी सीसीआर्ग्जमध्ये वजा-डी लावून 'यूज_टीएलएस' आणि ऑक्सलिब्जमध्ये एसएसएल व क्रिप्टो ही दोन वाचनालये. मेलपेटीधारकांच्या लॉगिनसाठी 'यूज_एसएएसएल_ऑथ' (एसएएसएल म्हणजे पासवर्ड तपासण्याची पद्धत) आणि सर्व्हरचा एसएएसएल प्रकार 'डव्हकॉट', म्हणजे मेलपेट्या सांभाळणारा प्रोग्राम. एलएमडीबीसाठी 'हॅज_एलएमडीबी', आणि त्याचे वाचनालय ऑक्सलिब्ज_एलएमडीबी या वेगळ्या चलात.

इथे पहिली ठेच अवतरण चिन्हांची. डव्हकॉट हा शब्द सी भाषेतली स्ट्रिंग म्हणून पोचायला हवा, म्हणून सगळे सीसीआर्ग्ज एकेरी अवतरणात आणि शब्दाभोवतीच्या दुहेरी अवतरणांआधी उलटी तिरपी रेघ. ती रेघ गाळली की शेल अवतरणे खाऊन टाकते आणि कंपायलर 'डव्हकॉट घोषित केलेले नाही' म्हणून ओरडतो. एखादे फंक्शन हरवले असावे असे वाटून भलतीकडेच शोध सुरू होतो. दुरुस्त करून पुन्हा 'मेक मेकफाइल्स' देण्याआधी 'मेक टायडी' चालवायचे, नाहीतर आधीच्या पर्यायांनी बनलेल्या जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहतात.

साडेचार मिनिटांत बांधणी झाली. एकही तक्रार नाही. आणि खरी अडचण तिथेच आहे. अर्धवट मागितले तर पोस्टफिक्स भांडते: सीसीआर्ग्जमध्ये टीएलएस लिहिले आणि ऑक्सलिब्ज विसरलात, तर लिंकर शेकडो ओळी ओतून थांबतो. अजिबात मागितलेच नाही, तर मात्र ते शांतपणे त्याशिवाय तयार होते. टीएलएस न मागता बांधलेले पोस्टफिक्सही छान चालू होते. मग कधीतरी लॉगमध्ये 'टीएलएस निवडले आहे, पण आत कंपाइल केलेले नाही' अशी ओळ दिसते.

म्हणून इन्स्टॉल करण्याआधी बिल्डच्या फोल्डरमध्येच 'एलडीडी लिबएक्झेक/एसएमटीपीडी' चालवून पाहावे. जोडलेल्या वाचनालयांची यादी येते. आमच्या यादीत एसएसएल होते, क्रिप्टो होते, डीबी आणि एलएमडीबीही होते. आयसीयू नव्हते.

आयसीयू हे युनिकोडचे वाचनालय. पोस्टफिक्स ३.० पासून, म्हणजे २०१५ पासून, देवनागरी किंवा कुठल्याही लिपीतले मेल पत्ते हाताळू शकते. त्या विस्ताराचे नाव एसएमटीपीयूटीएफ८. आमच्याकडे '.भारत'मधले एक नाव होते, त्यावर 'संपर्क' हा पत्ता चालवायचा होता. बांधणीच्या वेळी पोस्टफिक्स आयसीयू आहे का ते आपणहून शोधते. सापडले तर ही सोय चालू, नाही सापडले तर 'नो_ईएआय' हा पर्याय स्वतःच लावून पुढे जाते आणि पडद्यावर ठळकपणे काही सांगत नाही. लिबआयसीयू-डेव्ह आणि पीकेजी-कॉन्फिग बसवले, मेक टायडी, पुन्हा साडेचार मिनिटे. या वेळी एलडीडीत आयसीयू दिसले.

तिसऱ्या दिवशी खाती आणि गट. 'पोस्टफिक्स' नावाचे खाते आणि त्याचा त्याच नावाचा गट, आणि 'पोस्टड्रॉप' हा दुसरा गट. खात्याला लॉगिनचे शेल नाही, होम फोल्डर नाही. पोस्टड्रॉप गटात कोणीही सदस्य नको, पोस्टफिक्स हे खातेसुद्धा नको. मेलच्या रांगेत पत्र टाकण्याचा हक्क फक्त या गटाच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामला असतो. माणसे त्यात घातली की ती भिंत पडते. हे आधी केले नाही तर 'मेक इन्स्टॉल' पासवर्ड फाइलमध्ये नोंद नाही म्हणून नकार देते.

'मेक इन्स्टॉल' एकामागून एक प्रश्न विचारते. इन्स्टॉल_रूटला नुसते एंटर. सेटिंगचा फोल्डर /इटीसी/पोस्टफिक्स, आज्ञांचा /यूएसआर/एसबिन, डेमनचा /यूएसआर/लिबएक्झेक/पोस्टफिक्स. हे मुद्दाम लिहितो, कारण डेबियनचे पॅकेज डेमन वेगळ्या ठिकाणी ठेवते आणि डेबियनसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांतले मार्ग इथे जसेच्या तसे चालत नाहीत. मॅन पानांचा फोल्डर तेवढा बदलून /यूएसआर/शेअर/मॅन केला. तुमच्या मशीनवर आधीच सेंडमेल (जुना मेल प्रोग्राम) असेल, तर इन्स्टॉलआधी सेंडमेल, मेलक्यू आणि न्यूएलियासेस या तिन्ही फाइलींची नावे शेवटी 'ऑफ' लावून बदला आणि जुन्या सेंडमेलची परवानगी ७५५ करा. नाव बदलले तरी सेटयूआयडी (प्रोग्रामला मालकाच्या हक्कांनी चालवणारी खूण) तसाच राहिला तर धोका तिथेच राहतो.

दिलेली सगळी उत्तरे आणि बांधणीचे पर्याय पोस्टफिक्स जपून ठेवते. /इटीसी/पोस्टफिक्समध्ये 'मेकडेफ्स डॉट आउट' नावाची फाइल तयार होते, तिच्यात सीसीआर्ग्ज नि ऑक्सलिब्ज जसेच्या तसे सापडतात. सहा महिन्यांनी 'आपण काय मागितले होते' हे आठवायला दुसरे काही लागत नाही.

जुन्या मशीनवरून सेटिंग आणताना दोन गोष्टी केल्या. मेन डॉट सीएफ (पोस्टफिक्सची मुख्य सेटिंग फाइल) जसाच्या तसा न उचलता जुन्या मशीनवर 'पोस्टकॉन्फ -एन' चालवले. त्यात फक्त बदललेल्या सेटिंग्ज येतात, आमच्याकडे त्या एकोणीस निघाल्या. आणि तक्त्यांच्या 'डॉट डीबी' फाइली आणल्याच नाहीत. मूळ टेक्स्ट फाइली आणून त्यांवर पुन्हा पोस्टमॅप चालवले, प्रकार एलएमडीबी. एलियासच्या (टोपणपत्त्यांच्या) दोन्ही सेटिंग्जमध्ये 'हॅश' काढून 'एलएमडीबी' लिहिले आणि न्यूएलियासेस चालवले. ही आज्ञा विसरली तर बाकी सगळे सुरळीत दिसते आणि स्थानिक पत्रे तेवढी एलियासचा तक्ता उघडत नाही म्हणून रांगेत पडून राहतात.

मास्टर डॉट सीएफ (पोस्टफिक्सच्या सेवांची यादी) मात्र आम्ही जुनाच आणला होता आणि तो दीड तासाला पडला. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (लॉग फाइली लिहिणारा प्रोग्राम) मुळात बसवलेला नसतो, सगळे जर्नलमध्ये जाते. साधी लॉग फाइल हवी म्हणून मेललॉग_फाइल ही ३.४ मध्ये आलेली सेटिंग वापरली. ती चालायला मास्टर डॉट सीएफमध्ये 'पोस्टलॉग' सेवेची ओळ लागते, आणि २.१० च्या काळात ती ओळ अस्तित्वातच नव्हती. 'पोस्टफिक्स अपग्रेड-कॉन्फिगरेशन' दिल्यावर गाळलेल्या ओळी आपोआप भरल्या गेल्या. लॉग फाइल /व्हार खालीच ठेवा, दुसरीकडची जागा पोस्टफिक्स मान्य करत नाही. ती फिरवायला 'पोस्टफिक्स लॉगरोटेट' आहे.

सबमिशनसाठी (मेलपेटीधारकांनी पत्रे सोपवण्यासाठी) ५८७ पोर्टची ओळ चालू करताना एक ओळ डेबियनच्या नमुन्यातून उचलली गेली, तिच्यात क्रूटच्या रकान्यात 'वाय' होते. सोर्सबरोबर येणाऱ्या फाइलीत तिथे 'एन' असते. क्रूट चालू केला की त्या सेवेला /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स हेच सगळे जग; तिथे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची प्रत नसेल तर प्रत्येक नाव 'सापडत नाही, पुन्हा प्रयत्न करा' म्हणून परत येते. डीएनएसवर राग काढण्याआधी हा रकाना पाहा.

डव्हकॉट पॅकेजमधूनच घेतले. त्याचा ऑथ सॉकेट /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/प्रायव्हेट/ऑथ इथे, परवानगी ०६६०, मालक आणि गट पोस्टफिक्स. प्रायव्हेट हा फोल्डर पोस्टफिक्सच्या इन्स्टॉलमध्ये बनतो, म्हणून हा भाग नंतरच करायचा. सिस्टमडीची (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामची) युनिट फाइल सोर्सबरोबर येत नाही, ती हाताने लिहिली: प्रकार फोर्किंग, सुरू-बंद-रीलोडला पोस्टफिक्सच्याच आज्ञा, पीआयडी फाइल रांगेच्या फोल्डरमधल्या 'पीआयडी/मास्टर डॉट पीआयडी' इथली.

'पोस्टफिक्स चेक' गप्प राहिले. ते गप्प राहणे म्हणजे पास. येणारी पत्रे चौथ्या दिवशी पोचू लागली.

पाचव्या दिवशी उलट डीएनएस मिळाले, पण पोर्ट २५ ला तात्पुरता नकार आला: खाते तीस दिवसांचे झाल्यावर पुन्हा अर्ज करा. रागावून उपयोग नसतो. स्पॅम पाठवणारेही असेच गोड अर्ज लिहितात. ४०० रुपयांत महिन्याभरासाठी एक रिले सेवा घेतली. तिच्या सर्व्हरला ५८७ वरून पासवर्ड देऊन पत्र सोपवायचे की पुढचे तिने पाहायचे.

आणि लॉगमध्ये आले: 'सायरस' हा एसएएसएल क्लायंट उपलब्ध नाही. पुन्हा तेच. डव्हकॉट फक्त आपल्याकडे लॉगिन करणाऱ्यांना तपासते. पोस्टफिक्सने स्वतः दुसऱ्याच्या दारात जाऊन पासवर्ड द्यायचा असेल, तर सायरसचे वाचनालय आत लागते, आणि ते आम्ही मागितलेच नव्हते. 'पोस्टकॉन्फ -ए' लहान लिपीत दिले की सर्व्हरचे प्रकार येतात, मोठ्या लिपीत दिले की क्लायंटचे. आमची दुसरी यादी कोरी होती. हे पहिल्याच दिवशी पाहता आले असते.

लिबएसएएसएल२-डेव्ह बसवले, सीसीआर्ग्जमध्ये 'यूज_सायरस_एसएएसएल' आणि त्याच्या हेडरचा मार्ग, ऑक्सलिब्जमध्ये एसएएसएल२. मेक टायडी, मेक मेकफाइल्स, मेक. मग पोस्टफिक्स थांबवून 'मेक अपग्रेड'. हे प्रश्न विचारत नाही, आधीची उत्तरे वापरते. तरीही पहिले पत्र अडकले, 'लायक पद्धत सापडली नाही' या अर्थाच्या ओळीवर. वाचनालय होते, पण प्लेन आणि लॉगिन या पद्धती लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. ते घातल्यावर पत्र गेले. एसपीएफ नोंदीत (डोमेनची पत्रे कोण पाठवू शकते ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदीत) रिलेचे नावही घालावे लागते; फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) यांपैकी एक प्रत्येक पाठवणाऱ्याकडून मागते.

पुढचे दोन दिवस नुसते लॉग पाहिले. मग देवनागरी पत्ता. युनिक्सचे खाते देवनागरीत काढायच्या भानगडीत न पडता व्हर्च्युअल एलियासमध्ये 'संपर्क' खऱ्या मेलपेटीकडे वळवले. डोमेनचे नाव दोन रूपांत लिहावे लागते, देवनागरीतले आणि 'एक्सएन'ने सुरू होणारे. पोस्टफिक्स तक्त्यात शोधताना एकाचे दुसरे करत नाही. मराठी नावांत आणखी एक मेख आहे. 'कोऱ्हाळे' किंवा 'गोऱ्हे' यांतला अर्धा र काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून देतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे, बाइट निराळे, म्हणजे पत्तेही निराळे. असे नाव असेल तर दोन्ही लेखनांच्या ओळी तक्त्यात घाला, किंवा सरळ अशी अक्षरे टाळा.

जीमेलकडून या पत्त्यावर पत्र आले. जीमेल २०१४ पासून असे पत्ते ओळखते. या पत्त्यावरून बाहेर पाठवणे मात्र रिलेमुळे अडले: 'एसएमटीपीयूटीएफ८ आवश्यक आहे, पण समोरच्याने देऊ केले नाही.' यात आपल्या बाजूने करण्यासारखे काही नाही. पोर्ट २५ उघडेपर्यंत 'संपर्क' फक्त येणाऱ्या पत्रांसाठी ठेवला.

दहाव्या दिवशी मशीनवरून चाचणी पत्र पाठवायला सोपे पडेल म्हणून मेलएक्सचे पॅकेज घातले. त्याने सोबत एक्झिम (दुसरा मेल सर्व्हर) ओढून आणले, आणि एक्झिमने /यूएसआर/एसबिन/सेंडमेल ही आमची फाइल न विचारता बदलली. डीपीकेजीच्या (डेबियनच्या पॅकेज व्यवस्थापकाच्या) दृष्टीने ती फाइल कोणाचीच नव्हती, मग विचारायचे कोणाला? एक्झिम काढले, मेक अपग्रेड पुन्हा चालवले, आणि इक्विव्हस या साधनाने एक पोकळ पॅकेज बनवले, ज्यात 'मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट मी पुरवतो' एवढीच घोषणा. सोर्सपासून बांधणाऱ्याने हे इन्स्टॉलच्याच दिवशी करावे. अशा गोंधळानंतर पोस्टड्रॉप आणि पोस्टक्यू यांचा सेटजीआयडी (गटाच्या हक्कांनी चालवणारी खूण) शाबूत आहे का पाहा. नसेल तर स्थानिक पत्रे 'परवानगी नाही' म्हणून अडतात आणि 'पोस्टफिक्स सेट-पर्मिशन्स' ते ठीक करते.

अकराव्या दिवशी जुने मशीन बंद केले. त्याआधी त्याची रांग 'पोस्टक्यू -पी'ने रिकामी असल्याची खात्री केली.

आता देखभालीचे. या पोस्टफिक्सला 'एप्ट अपग्रेड' हात लावत नाही, त्यामुळे नव्या आवृत्तीच्या घोषणांवर स्वतः लक्ष ठेवावे लागते. सोर्सचा फोल्डर आणि पर्यायांची ओळ असलेली एक छोटी स्क्रिप्ट मशीनवर ठेवली आहे. दुसरे, एप्टला आपल्या बांधणीला काय लागते ते माहीत नसते. डेव्ह पॅकेजे काढून 'ऑटोरिमूव्ह' दिले की लिबआयसीयू७२ सुद्धा जाऊ शकते आणि पुढच्या रीस्टार्टला एसएमटीपीडी उठत नाही. म्हणून लिबआयसीयू७२, लिबएलएमडीबी०, लिबएसएएसएल२-२ आणि लिबडीबी५.३ यांना एप्ट-मार्कने 'मॅन्युअल' करून ठेवले. डेबियन १३ मध्ये आयसीयू ७६ आहे. तिथे जाताना मेल आधी थांबवायचा, मशीन अपग्रेड करायचे, मेक टायडीपासून पुन्हा बांधायचे, एलडीडी पाहायचे, आणि मगच २५ वर कान उघडायचा.